मामांचं नाव यादीत नव्हतं

नियमांवर चिडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आपल्याच विरुद्ध असलेल्या नियमाची छाती फुगवून बाजू घेणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांशिवाय दुसरा पाहिला नाही. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना वीसेक वर्षं झाली असतील, पण साताऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत चपलासुद्धा सावधान उभ्या असत. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांची रांग सरळ करत. अक्षतांना उशीर झाला म्हणून एकदा त्यांनी नवरदेवालाच घड्याळ दाखवलं होतं. मामी गेल्यापासून एकटेच राहायचे. जगात त्यांना धाक होता तो फक्त थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचा, आक्कांचा. आई लवकर गेल्यामुळे आक्कांनीच त्यांना वाढवलं होतं.

आक्कांचं कंबरेचं हाड मोडलं. पलूसच्या घरी बघायला कोणी नव्हतं, म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं त्यांना माधवनगरच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. तिथला नियम असा, की दाखल करताना ज्यांची नावं लिहून दिली त्यांनाच भेटता येईल, तेही रविवारी चार ते पाच. मुलानं एक स्वतःचं नाव लिहिलं आणि सांगलीत राहतो म्हणून दुसरं माझं. खुद्द माझ्या बायकोचंसुद्धा नाही.

पहिल्याच रविवारी मामा कडक इस्त्रीत तीन वाजताच फाटकाशी हजर. वॉचमनही माजी सैनिक निघाला. टाचा जुळवून त्यानं सलाम ठोकला आणि म्हणाला, "सायेब, यादीत नाव न्हाई. आत सोडता येत न्हाई." मला वाटलं, आता मामा फाटक उखडणार. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास गड्या! आर्डर म्हंजे आर्डर. उद्या माझा बाप आला तरी सोडू नगंस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुमी जावा. जेवती का, झोपती का, समदं बघून या."

तेव्हापासून मामा दर रविवारी साताऱ्याहून एसटीनं येत, फाटकासमोर ताठ उभे राहत आणि मी आत जाऊन येई. बाहेर आलो की उलटतपासणी. "बरी म्हंजे? भाकरी किती खाल्ली?" एकदा मी 'अर्धी' म्हणालो, तर पुढच्या खेपेला त्यांनी लसणाची चटणी आणली, आणि चटणीला यादी लागत नाही हे वॉचमनकडून आधी वदवून घेतलं. आत आक्का विचारत, "धाकटा न्हाई आला?" खरं सांगितलं तर मुलावर चिडतील, म्हणून मी म्हणे, "पुढच्या रविवारी येतायत."

मामा एकदाच म्हणाले, "भाच्याला तुमी फोन करता का? मी केला तर त्यो म्हनंल, मामा हुकूम सोडतोय." मागं एका लग्नात त्यांनी भाच्याला चारचौघांत झापलं होतं, त्यानं नाव मुद्दाम गाळलं असणार, असं आम्ही दोघांनीही धरूनच चाललो होतो. मामा-भाच्याच्या भांडणात जावयानं कशाला पडावं, असं मनाशी म्हणत मी फोन ढकलत राहिलो. पाच महिने.

केला तेव्हा भाचा गोंधळूनच गेला. "अहो, फॉर्मवर दोनच नावांची जागा होती. मामा एवढ्या लांबून येतील असं वाटलंच नाही मला. आजच कळवतो."

त्या रविवारी मामांनी यादीतल्या स्वतःच्या नावावर बोट ठेवून ते दोनदा वाचलं आणि आत गेले. आक्का अलीकडे माणसं विसरू लागल्या होत्या. मलाही कधी दिराच्या नावानं हाक मारत. हे मी मामांना सांगितलं नव्हतं. आक्कांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग त्यांचा हात धरून म्हणाल्या, "डाक्टर, माझा भाऊ यायचाय. त्याला आत सोडाल न्हवं?"

"सोडतो की," मामा म्हणाले आणि तासभर हात न हलवता बसून राहिले.

सांगली स्टँडवर मी कसाबसा म्हणालो, "मामा, फोन आधीच करायला हवा होता."

"करायला पायजे हुता," ते म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. साताऱ्याची गाडी लागली, ते खिडकीशी बसले आणि गाडी हलता हलता बाहेर वाकून मला म्हणाले, "पर लय घट्ट धरला हुता हात. डाक्टरचा म्हनून का हुईना."