मधलं मत

पानावर रोगाचा डाग दिसला की माझे वडील, आमचे दादा, बागेतूनच तीन सल्लागारांना फोन लावायचे. एकजण जहाल फवारणी सांगायचा, एकजण म्हणायचा थांबा, काही होत नाही, आणि उरलेला या दोघांच्या मधलं काहीतरी. दादा मधलं धरायचे. "एक भिववतो, एक झोपवतो," म्हणायचे. या नियमावर निफाडकडची आमची द्राक्षबाग तीस वर्षं उभी होती, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी दादांच्या जिभेच्या कडेला एक जखम झाली. ती भरेना. तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर. नाशिकच्या सर्जनने समोर बसवून सांगितलं, "पंधरा दिवसांत ऑपरेशन करा. जिभेचा थोडा भाग जाईल, पण माणूस वाचेल. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतो." दादांनी चिठ्ठीची घडी करून बंडीच्या खिशात घातली. जिना उतरताना मला म्हणाले, "एक झालं."

मी नाशिकला शाळेत शिकवते. घरातली शिकलेली मीच, म्हणून दवाखान्याचं सगळं माझ्या गळ्यात. दुसऱ्या डॉक्टरांकडे मीच नेलं. ते हॉस्पिटल माझ्या फ्लॅटपासून चालत दहा मिनिटांवर. त्या डॉक्टरांनीही आधी ऑपरेशनच सांगितलं. मग दादांचा चेहरा बघून म्हणाले, "अगदीच तयारी नसेल तर केमो देऊन बघू, पण मी हे सुचवणार नाही." तिसरा होता सटाण्याच्या पुढचा एक वैद्य. त्याच्याकडे भाऊ घेऊन गेला. वैद्याने नाडी धरली, चाकू लावू देऊ नका म्हणाला आणि काढ्याच्या चार बाटल्या दिल्या.

झाली तीन मतं. दोन डॉक्टर एकच सांगत होते आणि तिसऱ्याला त्या रांगेत बसवणं हाच वेडेपणा होता. एवढं कळायला माझी बी.एड. लागत नव्हती. दादांनी मात्र केमोला मधलं ठरवून टाकलं. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय, बाई?"

त्यांनी बागेबद्दल मला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "तुमचं ठरलंय ना, दादा."

खरं सांगते, माझ्या डोक्यात मुंबई घोळत होती. कुठे राहायचं, शाळा रजा किती देणार, मुलीची दहावी, नवऱ्याचा डबा. दहा मिनिटांवरचं हॉस्पिटल मला हवं होतं. ते दादांच्या नियमात बसतंय म्हटल्यावर मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

केमो सुरू झाली. दादांचे केस गेले, तोंड आलं, भाताची पेजसुद्धा तिखट लागायला लागली. शाळा सुटली की मी थर्मास घेऊन हॉस्पिटलला जायचे आणि तेवढ्यावर मला चांगली लेक असल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या केमोनंतर मानेला गाठ लागली. मग गेलो मुंबईला, तीच चिठ्ठी घेऊन. तिथल्या डॉक्टरांनी तारीख वाचली आणि विचारलं, "तेव्हाच का नाही आलात?"

दादा जड जिभेने म्हणाले, "छाटणी चालू व्हती, साहेब."

छाटणी भावाने कधीच उरकली होती. डॉक्टर म्हणाले, आता पूर्ण जीभ काढली तरी खात्री देता येत नाही. आम्ही परत नाशिकला आलो. दादा माझ्याच घरी राहिले. महिन्याभरात बोलणं बंद झालं, तेव्हा मुलीची जुनी पाटी त्यांच्या उशाशी ठेवली. पाणी, कूस, पंखा, एवढंच लिहायचे.

एका दुपारी त्यांचं तोंड पुसताना मला राहवलं नाही. म्हणाले, "दादा, मी तेव्हा बोलायला हवं होतं. तुमच्या नियमापुढे गप्प बसले, चुकलं माझं."

त्यांनी पाटी मागितली. बराच वेळ लिहीत होते.

"नियमाचं काय नाय. मुंबईला तुझी लय वढाताण झाली असती. तुझ्या तोंडावर दिसत व्हतं."