झोपलेला रुपया

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीत होतं तिथंच राहिलं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

रुपया बोटाच्या टोकावर तोलायचा, नखाने टिचकी मारायची आणि डोळे मिटून कानाशी न्यायचा. आमच्या बेलापुरातल्या म्हाताऱ्या सोनाराची ही सवय. आवाज लांबला की म्हणायचे, "बोलला." असा कानाने बघणारा माणूस तुम्हीही कुठं पाहिला असेल.

मी त्यांना मामा म्हणायची. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी सासूबाईंचे अकरा चांदीचे रुपये मी त्यांच्याकडे गहाण ठेवले, तेही मालकांना न सांगता. मामांनी अकराही रुपये धरून आठ हजार दिले. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात ते दिसले नाहीत तर घरात काय होईल, हाच मला घोर होता. त्यातल्या एकावर मालकांच्या पहिल्या दातांच्या खुणा होत्या. दात येताना त्यांनी तो चावला होता. सासूबाई असेपर्यंत आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायच्या.

दर महिन्याला शिलाईचे पैसे घेऊन मी जायची आणि हळूच विचारायची, रुपये बघू का? मामा कधी चिडले नाहीत. दहा रुपये वाजवून दाखवायचे. अकरावा मात्र अंगठ्याखाली धरून तसाच पिशवीत टाकायचे. "ह्यो झोपलाय. झोपू दे."

आधी मला हसू यायचं. मग शेजारणीने मोबाईलवर दाखवलं, जुना रुपया म्हणे लाखाला जातो. वर म्हणाली, सोनार आईच्या सोन्यातबी खोट घालतो. तेव्हापासून मला तो अकरावा रुपयाच दिसू लागला.

लाखाचं मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "तोळाभर वजन. चांदी असंल तेवढं बाजारात मोल. बाकीचं मोल ज्याच्या त्याच्या घरचं."

एकदा धीर करून मीच म्हणाले, "मामा, झोपलेल्याला उठवा की."

त्यांनी पिशवीची नाडी आवळली. "नको बाई. घरातल्याला असं उठवू न्हाई."

रुपया बदलला, अशी माझी खात्रीच झाली. पण बोलायला तोंड उघडेना. पुढं दिवाळीच्या तोंडावर मामा गेले आणि दुकानाला कुलूप लागलं. कुणाला सांगणार? त्यांनी दिलेली गहाणाची चिठ्ठी तांदळाच्या डब्यात होती, ती मी रोज काढून बघायची.

धनत्रयोदशीला त्यांच्या सुनेने दुकान उघडलं. मी उरलेले बाराशे पुढे ठेवले. तिने मोजले, वहीतल्या माझ्या नावावर रेघ मारली आणि पिशवी दिली. मी तिथंच एकेक रुपया मामांसारखा वाजवला. दहा बोलले. अकरावा थप्प वाजला, शिशाच्या चकतीसारखा.

आता बोलायचंच म्हणून रुपया उजेडात धरला. त्यावर दातांच्या दोन खुणा होत्या. आमच्याच.

खरी चांदी लेकराच्या दाताने दबते कुठं? मामांना हे पहिल्याच दिवशी कळलं असणार.

"काय झालं, ताई?" सुनेने विचारलं.

"काही न्हाई. ह्यो झोपलाय," मी म्हणाले.

लक्ष्मीपूजनाला तो नेहमीसारखा सगळ्यांच्या वर ठेवला. मालकांनी खुणेवरून बोट फिरवलं. त्या मुक्या रुपयाचेही पैसे मामांनी दिले होते. ते पैन् पै फिटले, एवढाच माझ्या जिवाला आधार.