डोळ्यांच्या बाकावर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मला डॉक्टरकडे ने, असं माझ्या धाकट्या भावाने, विनूने, स्वतःच मला सांगितलं होतं.

आज सरकारी दवाखान्यात त्याच्या गोळ्या आणायला गेलो होतो. मानसोपचाराची खोली डोळ्यांच्या विभागाला लागून आहे, म्हणून नवखी माणसं मुद्दाम डोळ्यांच्या बाकावर बसतात. एक आई कॉलेजातल्या मुलाला घेऊन तशीच बसली होती. ओळखीच्या बाईने हटकलं, तशी पदर सावरत म्हणाली, "चष्म्याचा नंबर काढायचाय हो."

मुलगा मोठ्याने म्हणाला, "आई, डोळे चांगलेत माझे. आवाज ऐकू येतात, ते सांग ना!"

मला तिथे बसवेना. उठून व्हरांड्यात उगाच फेऱ्या मारत राहिलो.

विनूही असंच म्हणाला होता, "दादा, भिंतीतून कुणीतरी बोलतंय. दाखव ना मला कुणाला तरी." तेव्हा माझं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांना कळलं तर काय, या धास्तीने मी म्हणालो, "एवढं कार्य पार पडू दे, मग जाऊ." मग घरात पुढचं कार्य निघालं, मग त्याच्या पुढचं. विनूने विचारणं सोडलं आणि तो भिंतीलाच उत्तरं देऊ लागला.

अशा माणसाला आपला आजार कळतच नाही हो, असं मी आजवर लोकांना सांगत आलो. विनूला कळलं होतं. मी त्याची माफी अजून मागितलेली नाही.