पडलेल्या सिनेमाचा प्रेक्षक

कॉलेजात असताना कोल्हापुरात एक मराठी सिनेमा लागला होता. पेपरांनी त्याला झोडपून काढलं होतं आणि आम्ही पोरं तो निव्वळ टिंगल करायला बघत होतो. नायक पुरात बुडतो आणि काठावर येतो तो भांग पाडलेल्या, कोरड्या केसांनी! अख्खं थिएटर हसलं. माझ्या शेजारचा पटकेवाला म्हातारा मात्र टाळ्या वाजवत होता. दुसऱ्यांदा गेलो, तेव्हाही तो होताच.

"मामा, एवढं काय आवडलं ह्यात?" मी विचारलं.

"शिरोळचा हाय मी. माझा ल्योक कृष्णंच्या पुरात गेला, घावलाच न्हाय. ह्यो वर येतोय की, पावणं!"

पडद्यावर आई नायकाला कवटाळत होती. म्हातारा हसत होता आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसत होता.

पुढच्या आठवड्यात तो थिएटरच्या दारात दिसला. पोस्टर बदललं होतं.

"त्यो पुराचा आता कुठं लागलाय?" त्यानं डोअरकीपरला विचारलं.

"पडला त्यो. आता कुठंच न्हाय लागायचा."

म्हातारा एस.टी. स्टँडकडं चालू लागला. त्याला हाक मारावी असं फार वाटलं. पण थांबवून सांगणार काय होतो?