मला कोण उचलणार

स्कूटरच्या अपघातात माझं कमरेखालचं अंग लुळं पडलं, तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. आई थकलेली, भाऊ कागलच्या एमआयडीसीत कामाला. शहरातली एक संस्था आमच्यासारख्यांच्या मदतनिसाचा पगार द्यायची. माणूस मात्र आपण निवडायचा.

मी निवडली ती गल्लीत दूध घालणारी बाई. माहेर कुरुंदवाडचं, आवाज दणदणीत. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर वाकून म्हणाली, "अक्का, हात टाका गळ्यात. भ्याचं न्हाय. रेडकं उचलल्याली बाई हाय मी."

अपघातानंतर मी पहिल्यांदा खळखळून हसले, ते तेव्हा.

काय दिवस होते ते! सकाळी आधी पेपर, मग अंघोळ, कारण मला तसंच आवडायचं. गुरुवारी मंडई. वांगी मी स्वतः दाबून बघायची आणि ती मागून ओरडायची, "पावणं, खुर्चीला वाट द्या की!" एकदा तिच्या भाचीच्या लग्नाला तिनं मला कुरुंदवाडला नेलं. कुणी हळहळलं नाही. हळद दळायला बसलेल्या बायकांनी मलाही जात्याचा खुंटा धरायला लावला.

मग संस्थेत नवे साहेब आले. मदतनीस आता एजन्सीच्या, प्रशिक्षित बायकाच असणार, असं पत्र आलं. माझ्या बाईला घरी बसावं लागलं.

एजन्सीची बाई वाईट नव्हती. पण सातला अंघोळ म्हणजे सातला. पंधरा दिवसांनी दुसरी आली, मग तिसरी. दर वेळी नव्या, अनोळखी बाईसमोर कपडे काढायचे. गुरुवारी मी मंडईचं नाव काढलं, तर ती म्हणाली, "मॅडम, बाहेर न्यायचं आमच्या कामात बसत नाही."

त्या दिवशी मी रडले. मग डोळे पुसून संस्थेकडून मदतनीस मिळणाऱ्या, माझ्यासारख्या इतरांना फोन लावले.

आम्ही सातजण खुर्च्यांवरून संस्थेच्या ऑफिसला गेलो. ऑफिस पहिल्या मजल्यावर, म्हणून साहेबांनाच अंगणात उतरावं लागलं.

"तुमच्या सुरक्षेसाठीच आहे हे," ते म्हणाले.

मी विचारलं, "साहेब, तुम्हाला दर पंधरवड्याला नवीन माणूस अंघोळ घालायला आला तर चालेल?"

तेवढ्यात फाटकाजवळून माझी बाई पुढं आली. "साहेब, आमास्नी येत नसंल तर शिकवा की. काढून कशाला टाकताय?"

साहेबांनी लगेच शब्द दिला नाही. आम्हाला आणखी दोनदा जावं लागलं. शेवटी ठरलं, की माणसं आमचीच राहतील, पण त्यांनी महिनाभर शिकायचं.

शिकून आली तशी माझी बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अक्का, इतकी वर्सं तुमास्नी तासन्‌तास एकाच कुशीवर निजवलं की हो मी! त्यानं अंगाला जखमा पडत्यात म्हणं!" त्या बाबतीत साहेबांचं खरं होतं, हे मला कबूल करावं लागलं.

गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले. आता ती लेकाकडं असते. नवी मुलगी मीच निवडलीय, चांगली आहे.

दिवाळीत मी मावशीला भेटायला गेले. हो, शेवटी शेवटी मी तिला मावशीच म्हणायचे. ती खाटेवर बसलेली, केस पिंजारलेले. मी खुर्ची खाटेला भिडवली, फणी घेतली आणि तिची वेणी घालायला लागले.

"हळू की अक्का," ती ओरडली, "दुखतंय!"