मीठ आणायला उठलेल्या माणसाचं ताट

कोथरूडच्या त्या नोकरीसारखी नोकरी पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही. वारज्याला आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली की मी ऑफिसातून स्कूटर काढायचो आणि वरण निवायच्या आत पानावर हजर. शिट्टी मला कोथरूडपर्यंत ऐकू यायची, असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, फोन ती करायची. असेलही.

या स्वर्गावर गदा आली ती आमच्या साहेबांच्या एका वाक्याने. वारज्यातल्या एका मंगल कार्यालयासाठी आम्ही बुकिंगचं सॉफ्टवेअर करत होतो. साहेब म्हणाले, "मालकीणबाईंना पसंत पडलं तर आपण इथेच. नाही तर आपली रवानगी हिंजवडीच्या टीममध्ये." साहेब पुण्याचे, त्यामुळे धमकी देतानाही 'आपण'च म्हणायचे. हिंजवडीला सकाळी निघालेला माणूस दाढी वाढवून पोचतो, हे ज्याने तिथली वाहतूक पाहिली आहे त्याला सांगायला नको. दुपारचं गरम वरण संपलं होतं.

काम ऐकायला सोपं होतं. पडद्यावर एक मोठा तक्ता, त्यात सेल, म्हणजे चौकोन. एका सेलमध्ये पार्टीचं नाव टाइप करायचं, दुसऱ्यात यादीतून हॉल निवडायचा, तिसऱ्यात सनईसाठी बरोबरची खूण, चौथ्यात छोटं कॅलेंडर उघडून तारीख. आजवर प्रत्येक सेलचा कोड वेगळ्या माणसाने लिहिला होता आणि ती सगळी माणसं नोकरी सोडून गेली होती. साहेबांना हवी होती एकच व्यवस्था, कुठल्याही सेलला चालणारी. आज तारीख आहे, उद्या नवऱ्या मुलीचा फोटो येईल. आत काय बसलंय याचा तक्त्याला पत्ताही लागता कामा नये.

मी फळ्यावर लिहून दाखवलं. तक्ता सेलला विचारणार : तुझ्यात बदल करायचा का? मग म्हणणार : हे घे जुनं, कर सुरू. मग : झालं का? आणि शेवटी : काय ठरलं? मधेच 'नको' आलं तर जुनं होतं ते परत. लग्न जुळवताना तरी याहून जास्त काय विचारतात, असंही मी म्हणालो. साहेब हसले नाहीत. ते शेवटचे हसले होते तेव्हा चांदणी चौकात म्हशी बसायच्या.

माझं डोकं फिरवलं ते 'झालं का?' या प्रश्नाने. तो विचारायचा कधी? मी ठरवलं, माणसाने सेलच्या बाहेर क्लिक केलं की. नाव जमलं, सनई जमली. मग तारीख आली. तारखेच्या सेलवर क्लिक केलं की खाली कॅलेंडर उघडायचं. त्यातल्या तारखेवर क्लिक करायला जावं, तर तो क्लिक सेलच्या बाहेर पडायचा. तक्त्याला वाटायचं, माणूस गेला. तो सेल मिटायचा आणि सेलबरोबर कॅलेंडरही गडप.

टेस्टिंगला आमच्याकडे एक मुलगी होती, खडकीच्या लष्करी क्वार्टर्समध्ये वाढलेली. तिचा नेम असा की माशी उडायच्या आत माशीवर माउस. तिलाही एक तारीख टिपता येईना.

"सर, कॅलेंडर नुसतं दिसतंय, हात लावू देत नाहीये," ती म्हणाली. "सराफाच्या दुकानात ठेवू या का?"

मी तक्त्याला शिकवलं की कॅलेंडर सेलच्याच घरातलं आहे, त्यावर क्लिक झाला तर माणूस गेला समजू नकोस. मग कॅलेंडरमधली महिन्यांची यादी परकी ठरली. तिला घरात घेतलं, तर वर्षांची यादी बाहेर उभी. शेवटी आख्खा पडदाच नात्यात आला आणि एकही सेल मिटेना. मी इतका भ्रमलो की कोण कुठून उठलं आणि कोण कशातून गेलं हे मला जागेपणीही कळेनासं झालं. एकदा जेवताना बायको पानावरून उठली आणि मी तिचं अर्धं भरलेलं ताट उचलून सिंकमध्ये नेऊन ठेवलं.

ती हातात बरणी घेऊन परत आली. ताटाच्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, मी मीठ आणायला उठले होते."

"मला वाटलं, झालं तुझं."

"उठलं म्हणजे झालं का? दुसऱ्या पानावर जाऊन बसले असते तर उचलायचं होतंत."

मी उष्ट्या हाताने तिच्या पाया पडलो. ती म्हणते, नुसता आमटीत हात घालून बसलो होतो. ते सोडा. दुसऱ्या दिवशी मी व्यवस्था बदलली : माणूस उठला तरी सेल मिटायचा नाही. तो दुसऱ्या सेलवर जाऊन बसला, किंवा पडद्यावरची आख्खी खिडकीच बंद करायला निघाला, तरच 'झालं का?' विचारायचं. आणि सेल रिकामा किंवा अर्धवट राहिल्यामुळे 'नाही' म्हणाला, तर कुणी हलायचं नाही.

कार्यालयात दाखवायला गेलो. मालकीणबाई तारखेच्या सेलवर गेल्या, कॅलेंडर उघडलं आणि उघडं राहिलं. मी देवाचे आभार मानायला डोळे मिटले, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. मुलीचे वडील होते. त्यांना तारीख बदलायची होती. बाईंनी जुनी तारीख पुसली. पलीकडून आलं, विचार करून सांगतो. फोन बंद. सेल रिकामा.

बाईंनी खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली. तक्त्याने सेलला विचारलं, झालं का? सेल म्हणाला, नाही. बाईंनी पुन्हा दाबली. नाही. दुसऱ्या ओळीत जायला बघितलं. नाही. 'नको' म्हणायची सोय मी ठेवली होती, डाव्या कोपऱ्यातल्या एस्केपच्या कळीवर. पण बाईंकडे खंडेनवमीला कीबोर्डचीही पूजा व्हायची आणि वर्षानुवर्षं हळदकुंकू त्याच कळीवर वाहून ती घट्ट बसलेली. तिथे आता कळ नव्हती, देवस्थान होतं. साहेबांचा चेहरा मात्र त्याच हळदीच्या रंगाचा झाला होता.

"हे मिटत का नाही?" बाईंनी विचारलं.

खरं कारण मला माहीत होतं, पण त्या क्षणी ते मराठीत, इंग्रजीत, कशातच येईना. डोळ्यांपुढे हिंजवडीचा पूल. मी म्हणालो, "तारीख ठरल्याशिवाय सोडत नाही ते."

बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"पार्टीला असं धरून ठेवणं आमच्या मॅनेजरला जमलं नाही अजून," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्या मुलीच्या वडिलांना फोन लावला. कॉम्प्युटर अडकलाय, तारीख द्या, असं सांगितलं. गृहस्थाने घाबरून तारीख दिली. ती घातल्याबरोबर सेल गुपचूप मिटला. बाई साहेबांना म्हणाल्या, "हेच ठेवा. काही बदलू नका. बदललंत तर मला कळेल."

मी जिंकलो होतो की काय, ते मला तेव्हा कळलं नाही. स्कूटरवर परत येताना साहेब मागे बसून म्हणाले, की कुठल्याही सेलला चालणारी व्यवस्था झाली म्हणजे ती आता सगळ्यांना द्यायला हवी. तिकडची मंडळी हाच तक्ता वापरणार. तेव्हा आपण तिकडे जाऊन त्यांना समजावून सांगा.

"तिकडे म्हणजे?"

"हिंजवडीला. थोडे दिवस."

ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. पहिल्या दिवशी दाढी वाढवून पोचलो. समोर सगळी तरुण पोरंपोरी. एकीने विचारलं, "सर, सेल 'नाही' म्हणाला तर विंडो बंदच होत नाही. का?"

आता तरी खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "पार्टीने तारीख ठरवल्याशिवाय जाऊ नये म्हणून."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मग तीच मुलगी म्हणाली, "पण सर, आमचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलचं आहे."

मी म्हणालो, आलोच, आणि मीठ आणायला उठल्यासारखा उठलो.