तुर्कस्तानचा क्लब आणि पोटावर अडकलेली जर्सी

तुर्कस्तान नकाशावर कुठे आहे ते मला दाखवता येणार नाही, पण तिथल्या एका आडगावच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास तोंडपाठ आहे. आमचे हे शिंपी. ज्याचं माप घेतील त्याला तो ऐकवतात. हात पसरून उभा असलेला माणूस पळणार तरी कुठे?

इतिहास असा. समुद्रकाठचं गाव, गावात दोन संघ, दोघांचं हाडवैर. लीगवाले म्हणाले, एका गावाचा एकच संघ घेऊ. मग रडतकुढत दोघे एक झाले. जर्सीच्या रंगावरून भांडले, शेवटी एक रंग याचा, एक त्याचा. क्लब पार वरच्या लीगमध्ये गेला, मोठमोठ्या शहरांना हरवून आला, मग घसरत घसरत तळाला पोचला. "तरी लोक मॅच पाह्याले येतेच," इथे यांचं टेपवरचं लक्ष उडतं आणि गिऱ्हाइकाची बाही आखूड होते.

हे सगळं मोबाइलवर वाचलेलं. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, हे मले काऊन सांगता? ज्याले सांगाचं तो दोन गल्ल्या सोडून राह्यते!"

कारण आमच्या गावात, सिंदेवाहीतही दोन संघ आहेत. बाजाराचा पिवळा आणि स्टेशनाकडचा हिरवा. पूर्वी एकच होता. त्यात हे आणि माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, एकत्र खेळायचे. एका मॅचला पेनल्टी कोणी मारायची यावरून जुंपली, भासऱ्यांनी वेगळा संघ काढला आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. तेव्हापासून दिवाळीचा फराळ पोरांच्या हातून जातो-येतो. दोघांचे केस पिकले, गुडघे गेले, आता नुसते संघ चालवतात. पण ताठा जसाच्या तसा.

यंदा चंद्रपूरच्या स्पर्धेवाल्यांनी सांगितलं, एका गावाचा एकच संघ. हे म्हणाले, "तो आला तर मी नाई म्हणतो का?" माझी जाऊ बाजारात भेटली, तर तिकडेही तेच पालुपद. मला स्पर्धेचं काही पडलेलं नव्हतं. हे दोघे असे न बोलताच मरतील, याची भीती वाटायची. आणि संताप तर इतका यायचा की विचारू नका.

यांनी काय करावं? अर्धी पिवळी, अर्धी हिरवी अशी जर्सी शिवली आणि दुकानाच्या दारात टांगली. भासरे रोज चहाला त्याच रस्त्यानं जातात. बघायचे आणि पुढे जायचे. हे मशीनवर मान खाली घालून बसायचे. जर्सी उन्हानं विटायला लागली तेव्हा मीच ती काढली आणि भासऱ्यांकडे निघाले.

भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नापासून पाळली होती. त्या दिवशी पदर घेतला आणि तोंडही उघडलं. "भाऊजी, हे घालून पाहा."

त्यांनी घातली. खांद्यांवर बरोबर बसली, पोटावर अडकली. यांनी ती एकत्र खेळायच्या दिवसांतल्या मापानं बेतली होती. भासरे कितीतरी वेळ आपल्या पोटाकडे बघत राहिले.

"त्याले सांग," ते म्हणाले, "माप घ्याले ये म्हनाव."

निरोप ऐकताच हे गळ्यात टेप अडकवून निघाले ते माझी चप्पल घालूनच, मागोमाग मी. तिथे पोचल्यावर भासऱ्यांनी हात पसरले. छातीचं माप घेताना टेप पाठीमागून आणावी लागते, त्यासाठी दोन्ही हात माणसाभोवती न्यावे लागतात. यांनी नेले, आणि हात तिथेच राहिले. जन्मभर शिवणकाम केलेल्या माणसाला एका छातीला एवढा वेळ लागत नाही.

"काऊन बे," भासरे म्हणाले, "माप सापडून नाई राह्यलं काय?"

"हालू नोको दादा," हे म्हणाले, आणि तुर्कस्तानचा इतिहास पहिल्यापासून सुरू केला.